रोलप्लेइंग खेळ: ऑनलाइनच चालू ठेवावेत की पुन्हा टेबलाभोवती बसावे?

पडद्यामागचा

नमस्कार. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्या जातीचे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एक पात्र घेऊन, बोलत आणि फासे टाकत कथा घडवायची असे) खेळणारे बरेच सदस्य इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून एक प्रश्न मांडतो. आमचा गट २०२० मध्ये, घराबाहेर पडणे बंद असताना, ऑनलाइनच तयार झाला. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि खेळ चालवणारा) आहे आणि पुण्यात राहतो. सहा खेळाडूंपैकी तिघे पुण्यातले, एक डोंबिवलीचा, एक न्यू जर्सीत आणि एक लंडनमध्ये आहे. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड आणि नकाशा व फाशांसाठी रोल२०, अशी आमची व्यवस्था आहे. आता पुण्यातल्या तिघांचे म्हणणे असे की, एकाच गावात राहून हेडफोन लावून एकमेकांशी बोलणे विचित्र वाटते. आम्ही तिघे तुझ्या घरी जमतो आणि बाहेरगावचे तिघे टीव्हीवर असू देत.

डीएम म्हणून मला ऑनलाइन खेळ सोयीचा वाटतो. कोणाची पाळी आहे, कोणत्या राक्षसाचे किती हिट पॉइंट्स (जिवाचे गुण) उरले आहेत, हे सगळे यंत्र सांभाळते आणि एखादी गुप्त गोष्ट एकाच खेळाडूला कळवायची असेल तर चिठ्ठी सरकवावी लागत नाही. मात्र एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. माझे खेळाडू माझ्याशी बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. हे माध्यमामुळे होते की माझ्या खेळवण्यामुळे, आणि अर्धे टेबलावर व अर्धे पडद्यावर असा मिश्र खेळ कोणी नीट चालवला आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

रातवा

हे माध्यमामुळे होते, तुमच्यामुळे नाही.

टेबलाभोवती सहा माणसे बसली की एका वेळी दोन-तीन संभाषणे सुरू असतात. डीएम खानावळीच्या मालकाच्या तोंडून एकीशी बोलत असतो, तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दोघे जण त्याच मालकाची तिजोरी फोडायचा बेत खालच्या आवाजात आखत असतात, आणि डीएमच्या कानावर त्यातले अर्धेमुर्धे पडत असते. पात्रांमधली मैत्री आणि भांडणे या कुजबुजीत तयार होतात. ऑनलाइन सगळे आवाज एकाच अंतरावरून, एकाच पातळीवर कानात येतात. दोघे एकदम बोलले की दोघेही थांबतात, मग 'तू बोल', 'नाही, तूच बोल' असे होते, आणि शेवटी सगळे जण डीएमने नाव घेऊन विचारण्याची वाट पाहू लागतात.

२००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सर्व भाषांची सरासरी काढता सुमारे २०० मिलिसेकंद निघाले. आता पुणे ते न्यू जर्सी हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे समुद्राखालून अगदी सरळ केबल टाकली असती तरी एका दिशेला ६० मिलिसेकंद गेलेच असते. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, त्यात यंत्रांचा आणि ब्लूटूथ हेडफोनचा विलंब मिळवा. ज्या फटीत माणूस सहजपणे आपले वाक्य घुसवतो, ती फटच केबल खाऊन टाकते. विनोदाची तर वाटच लागते, कारण हशा उशिरा येतो किंवा म्यूट केलेला असतो.

हडसनकाठी

डीएमसाहेब, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीतच आहे, तर न्यू जर्सीतला तो इसम मीच, हे जाहीर करून टाकतो.

रातवा यांचे मिलिसेकंद मान्य. पण माझ्यापुढचा पर्याय 'ऑनलाइन की टेबल' असा नाहीच. 'ऑनलाइन की काहीच नाही' असा आहे. इथे आठवड्याच्या कोणत्याही संध्याकाळी इंग्रजीतून खेळणारा गट मिळेल. माझा बुटका योद्धा मात्र चिडला की अस्सल सातारी शिव्या देतो, आणि त्या शिव्यांना दाद देणारे लोक मला शनिवारी सकाळी डिस्कॉर्डवरच भेटतात.

वेळेचे गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भारतात शनिवारी रात्री साडेआठला सेशन सुरू होते, तेव्हा माझ्याकडे हिवाळ्यात सकाळचे दहा आणि उन्हाळ्यात अकरा वाजलेले असतात, आणि लंडनला दुपारचे तीन किंवा चार. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत आमचा लंडनकर आणि मी यांच्यात पाचाऐवजी चारच तासांचे अंतर राहते, आणि दर वर्षी त्या काळात कोणीतरी एक तास आधी येऊन रिकाम्या चॅनलवर बसलेला असतो. भारताचे घड्याळ हलत नाही म्हणून भारतीय मंडळी मजेत असतात.

मिश्र खेळाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कृपया नको. दुसऱ्या एका गटात मी टीव्हीवरचा माणूस होतो. टेबलावरचे सगळे जण हसत होते आणि का हसत होते ते मला कोणीही सांगत नव्हते. विचारले की 'अरे, काही नाही' असे उत्तर येई. थोड्या वेळाने मी ईमेल वाचायला लागलो.

विसाची_आस

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला! ऑनलाइन खेळातला खरा खलनायक म्हणजे ते संगणकाचे फासे. टेबलावर माझा निळा डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, मला कधी दगा देत नाही. रोल२० वर मात्र मागच्या पूर्ण साहसात मला एकदाही वीस पडलेला नाही. त्या सर्व्हरमध्ये शकुनी बसलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

उणे_एक

विसाची_आस, शकुनीवर खटला भरण्यापूर्वी थोडे गणित करू या. वीस पडण्याची शक्यता दर वेळी ५ टक्के. तुम्ही चाळीस वेळा फासा टाकलात असे धरले तर एकदाही वीस न पडण्याची शक्यता ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे जवळजवळ १३ टक्के येते. सहा जणांच्या गटात प्रत्येकाने चाळीस वेळा फासा टाकला तर किमान एका दुर्दैवी जीवाला एकही वीस न मिळण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के भरते. याचाच अर्थ, गटात तुमच्यासारखा एक तक्रारखोर असणे हेच अधिक संभवनीय आहे.

रोल२० आपल्या फाशांसाठी प्रकाशझोताच्या तीव्रतेतल्या सूक्ष्म चढउतारांवरून मिळणारे यादृच्छिक आकडे वापरते, असे ती कंपनी सांगते. तुमचा निळा फासा याहून निःपक्षपाती असेल असे मला वाटत नाही. प्लॅस्टिकच्या फाशात आत हवेचा बुडबुडा राहिलेला असू शकतो. दाट मिठाच्या पाण्यात फासा तरंगवून तोच अंक पुन्हा पुन्हा वर येतो का, ते पाहा. तो निळा फासा तुम्हाला प्रिय का आहे, ते कदाचित तेव्हा कळेल.

विसाची_आस

मी तो फासा मिठाच्या पाण्यात टाकणार नाही. काही गोष्टी माणसाने तपासू नयेत.

रातवा

उणे_एक यांचे गणित बरोबर आहे, पण फासा टेबलावर गडगडत जातो तेव्हा सहाही जण पुढे वाकून पाहतात आणि तो पातेलीच्या कडेला तिरपा टेकून थांबला तर तो धरायचा की पुन्हा टाकायचा यावर खटला उभा राहतो, याची भरपाई प्रकाशझोताच्या चढउतारांनी कशी होणार? पडद्यावर आकडा येतो आणि डीएम पुढे जातो.

अनाहत

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरते आणि या धाग्यावर आतापर्यंत गृहीत धरलेली एक गोष्ट मला नाकारायची आहे. रातवा यांनी ज्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन संभाषणांचे कौतुक केले, त्या संभाषणांनी मला अनेक वर्षे टेबलापासून दूर ठेवले. बोर्डगेम कॅफेमध्ये कॉफीचे यंत्र, शेजारच्या टेबलावरचा आरडाओरडा आणि आपल्याच गटातली कुजबुज एकत्र होऊन माझ्या यंत्रात नुसता कालवा ऐकू येतो. डिस्कॉर्डवर मी प्रत्येक माणसाचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करू शकते. पुटपुटणाऱ्याचा वाढवते, ओरडणाऱ्याचा उतरवते. एका वेळी एकानेच बोलणे ही तुमच्यासाठी अडचण असेल. मला त्यामुळेच कथेचा पहिल्यापासून शेवटपर्यंत पत्ता लागतो.

आमच्या गटात आणखी एक शिस्त आहे. प्रत्येक जण आपल्या पात्राची महत्त्वाची कृती बोलून झाल्यावर चॅटमध्ये एका ओळीत लिहितो. हे माझ्यासाठी सुरू झाले, पण पुढच्या शनिवारी 'मागे काय झाले होते' हे आठवायला सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो.

मंजिरी_दुपार

अनाहत यांना अनुमोदन. सासूबाईंना रात्री एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे कोणाच्या घरी जाऊन चार तास बसणे मला शक्य नाही. ऑनलाइन खेळत असताना मध्येच उठून औषध देऊन येते, तोवर माझी चेटकीण 'विचारमग्न' असते. तिच्या चिंतनशील स्वभावाचे गटात फार कौतुक आहे.

जुना_भिडू

ऑनलाइन खेळ २०२० मध्ये सुरू झाला, असा सूर इथे दिसतो आहे. त्या वर्षी त्याला पूर आला आणि अमेरिकेतली 'जेन कॉन' ही मोठी वार्षिक जत्राही ऑनलाइनच भरली, हे खरे आहे. पण रोल२० सारखेच असलेले फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे आणि रोल२० २०१२ पासून. त्याआधी लोक ईमेलवर आणि चॅटरूममध्ये खेळत होते, आणि त्याही आधी टपालाने चाली पाठवून खेळण्याची पद्धत होती.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ज्याला आपण 'खरा, टेबलाभोवतीचा खेळ' म्हणतो, तो मुळात आजच्यासारखा नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ च्या पहिल्या नियमपुस्तिकांत खेळाडूंची संख्या चार ते पन्नास अशी दिली आहे, आणि एका पंचामागे (आजच्या भाषेत डीएममागे) वीसच्या आसपास खेळाडू असावेत असे म्हटले आहे. एवढे लोक एकदम बोलू लागले तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून त्या काळी गटातला एक जण 'कॉलर' असे. खेळाडू आपापसात चर्चा करत आणि गटाने काय ठरवले ते कॉलर पंचाला सांगे. १९८१ च्या 'बेसिक' नियमपुस्तिकेतही कॉलरची भूमिका समजावून दिलेली आहे. पुढे गट चार-पाच जणांचे झाले आणि कॉलर मागे पडला.

पडद्यामागचा यांची अडचण अशी की सगळे त्यांच्याशीच बोलतात. मग त्यांनी एका सेशनपुरता कॉलर नेमून पाहावा. डीएम फक्त कॉलरचे ऐकेल म्हटल्यावर बाकीच्यांना एकमेकांशी बोलावेच लागेल.

रातवा

जुना_भिडू, माहिती उत्तम, पण उपाय पटत नाही. कॉलर नेमला की सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस अधिकृतपणे सगळ्यांचा पुढारी होईल. मराठी गटात तर त्याचा पहिल्या अर्ध्या तासात अध्यक्ष होईल आणि दुसऱ्या अर्ध्या तासात गटात फूट पडून दोन मंडळे स्थापन होतील.

जुना_भिडू

म्हणूनच दर सेशनला कॉलर बदलावा आणि पहिल्यांदा सर्वांत कमी बोलणाऱ्याला नेमावे. फूट पडली तर तीही कथेत घ्यावी.

नकाशेबाज

कॉलरचा उल्लेख झालाच आहे, तर त्याच्या जोडीदाराचीही आठवण काढू या. जुन्या गटांत एक 'मॅपर' असे. डीएम तोंडी सांगे की, बोळ पूर्वेला तीस फूट जातो, मग उजवीकडे वळतो आणि डाव्या भिंतीत लोखंडी दार आहे, आणि मॅपर ते ऐकून चौकटीच्या कागदावर नकाशा काढे. तो हमखास चुके, आणि त्या चुकांमधून निम्मी गंमत येई.

ऑनलाइन नकाशावर तुमचे टोकन (पात्राची सोंगटी) पुढे सरकते तसा मशालीचा उजेड आपोआप पुढे सरकतो, आणि भिंतीमागचे काय दिसते व काय नाही ते यंत्र ठरवते. या सोयीसाठी लोक आनंदाने पैसे भरत आले आहेत. दिसायला हे फार देखणे असते, पण माझे निरीक्षण असे की त्यानंतर खेळाडू 'मला काय दिसते?' हा प्रश्न विचारणेच सोडून देतात. 'छताकडे पाहतो', 'जमिनीवरच्या धुळीत पावलांचे ठसे आहेत का?' असे प्रश्न बंद होतात, कारण चित्रात छत नसते आणि धूळही नसते. जे चित्रात नाही ते जगात नाही, असे होऊन बसते. त्यामुळे ऑनलाइन खेळवताना मी लढाई सोडून एरवी नकाशा लावतच नाही. एखादे चित्र ठेवतो आणि बाकीचे तोंडाने सांगतो. माझ्या मते ऑनलाइन खेळाचे जे नुकसान म्हणून सांगितले जाते, त्यातले बरेचसे दूर बसल्यामुळे होत नाही, नकाशामुळे होते.

पडद्यामागचा

नकाशेबाज, हे वाचून मी थोडा दचकलोच. आमच्याकडे खानावळीसाठीसुद्धा नकाशा असतो, आणि खेळाडू आत शिरल्या शिरल्या टोकने खुर्च्यांवर नेऊन बसवतात. मग कोणीच बोलत नाही, कारण सगळे 'बसलेले' असतात.

अंधारकोठडी

इथे आतापर्यंत सगळे जण एकाच खेळाबद्दल बोलत आहेत, म्हणून उत्तर सापडत नाही आहे, असे मला वाटते. खेळ बदला, मग माध्यमाचे गुणदोषही बदलतात.

काही खेळ पडद्यावर होऊच शकत नाहीत. 'ड्रेड' या भयखेळात फासेच नाहीत. काही अवघड करायचे असेल तर जेंगाच्या मनोऱ्यातला ठोकळा ओढायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचे पात्र कथेतून बाद. तासाभराने मनोरा डुगडुगू लागला की खेळाडू खिडकी बंद करायलासुद्धा हळू पावलांनी जातात. 'टेन कँडल्स' हा खेळ अंधाऱ्या खोलीत दहा छोट्या मेणबत्त्या लावून खेळतात. एकेक मेणबत्ती विझत जाते आणि शेवटी सगळी पात्रे मरणार हे आधीपासून ठरलेले असते. वेबकॅमपुढे मेणबत्त्या लावून हा खेळ खेळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण सहा जणांच्या सहा खोल्यांत एकच अंधार नसतो.

उलट बाजूला 'अ‍ॅलिस इज मिसिंग' आहे. २०२० मध्ये आलेल्या या खेळात सुमारे दीड तास कोणीही तोंडातून शब्द काढायचा नसतो. बेपत्ता झालेल्या मुलीचे मित्रमैत्रिणी एकमेकांना फक्त फोनवर संदेश पाठवतात, आणि तुम्हीही तेवढेच करायचे. एका खोलीत बसून खेळा किंवा चार देशांतून खेळा, अनुभव फारसा उणा होत नाही, कारण फोन हाच त्या खेळाचा रंगमंच आहे.

'कॉल ऑफ क्थुलू' हा भयखेळ मी दोन्ही तऱ्हांनी खेळवतो. माझ्या अनुभवात तो ऑनलाइन जास्त रंगतो. सगळे जण आपापल्या घरी, रात्री, दिवा मंद करून, हेडफोनमध्ये ऐकत असतात. एकाच खेळाडूला पाठवलेला खासगी संदेश 'तुला आरशात तुझ्या मागे कोणीतरी दिसते' असा असतो आणि बाकीच्यांना फक्त त्याच्या आवाजातला बदल ऐकू येतो. टेबलावर हेच करायचे तर चिठ्ठी द्यावी लागते, आणि चिठ्ठी दिली की सगळ्यांना कळतेच की काहीतरी घडले आहे.

कट्ट्यावरचा

मी महाविद्यालयात शिकतो. आमचा प्रश्न माध्यमाचा नसून जागेचा आहे. वसतिगृहात दहानंतर आवाज चालत नाही, कॅफेत तासाचे पैसे लागतात आणि वर काहीतरी मागवावे लागते. एका मित्राच्या घरी जमायचो, पण त्याच्या आजीला फार काळजी वाटू लागली. 'हे सगळे तीन-तीन तास नुसते बोलतच का बसतात? पत्ते तरी खेळा,' असे त्या म्हणत.

सामानाचा खर्च मात्र जवळजवळ शून्य आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. मिनिएचरऐवजी (पात्रांच्या छोट्या मूर्तींऐवजी) आम्ही बुद्धिबळाची मोहरी वापरतो. ड्रॅगनसाठी योग्य मोहरे नसल्यामुळे तो नेहमी स्टेपलर असतो.

पणजीकार

आम्ही पणजीत टेबलावरच खेळतो. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांच्या भरवशावर कोणतीही लढाई सुरू करता येत नाही, हे एक कारण. दुसरे असे की आमच्याकडे कोणी कोंकणीत बोलतो, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, आणि समोरच्याचा चेहरा दिसत असला की या सरमिसळीतूनही कोणाला काय म्हणायचे आहे ते कळते. एकदा ऑनलाइन प्रयत्न केला, तेव्हा सेशनचा निम्मा वेळ 'काय म्हणालास?' विचारण्यात गेला.

तारायंत्र

तांत्रिक बाजू थोडी मांडतो, कारण ऑनलाइन खेळाच्या निम्म्या तक्रारी सेटिंगमध्ये सुटतात.

पहिली गोष्ट, डिस्कॉर्डमधली आवाजगाळणी. ती कुकरच्या शिट्ट्या आणि पंख्याचा आवाज गाळते हे चांगलेच आहे, पण ती फाशाचा खडखडाट, टाळी आणि बऱ्याचदा हसूही गाळते, कारण तिच्या दृष्टीने हे मानवी बोलणे नाही. ज्यांची खोली शांत आहे त्यांनी ती बंद करावी. रातवा यांचा हरवलेला हशा काही प्रमाणात परत येईल. ब्लूटूथऐवजी तारेचा हेडफोन वापरला तर विलंबही कमी होतो.

दुसरी गोष्ट, फाउंड्री, म्हणजे रोल२० सारखीच, पण स्वतःच्या संगणकावरूनही चालवता येणारी प्रणाली. एकदाच पैसे भरायचे, तेही फक्त डीएमने, आणि खेळाडूंना ब्राउझर पुरतो, म्हणून अनेक जण रोल२० सोडून तिकडे जातात. पण ती आपल्या संगणकावरून चालवायची तर बाहेरच्यांना आपल्यापर्यंत पोचता आले पाहिजे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांत एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही उपयोग होत नाही. अशा वेळी कंपनीकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा किंवा भाड्याच्या सर्व्हरवर फाउंड्री ठेवावी.

तिसरी आणि मूळ प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे मिश्र खेळ. एका खोलीत चार लॅपटॉप, चार माइक आणि चार स्पीकर चालू केले तर जो किंकाळीसारखा आवाज येतो तो कोणत्याही राक्षसाला शोभेल. त्यासाठी खोलीत एकच माइक हवा, टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा, चारही बाजूंचे ऐकणारा आणि प्रतिध्वनी कापणारा, म्हणजे कार्यालयांत सभेसाठी वापरतात तसा. नकाशा कागदावर अजिबात ठेवायचा नाही. टेबलावरच्यांनीही टीव्हीवरचाच नकाशा पाहायचा. फासेही सगळ्यांनी ऑनलाइनच टाकायचे. थोडक्यात, टेबलावरच्यांनी टेबलाचे जवळजवळ सगळे सुख सोडायचे. एवढे केल्यावर मिश्र खेळ बऱ्यापैकी चालतो, मात्र मग पुण्यातल्या तिघांना एकत्र बसून नेमके काय मिळाले, हा प्रश्न उरतो.

मंजिरी_दुपार

भजी मिळाली.

तारायंत्र

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मागे घेतो.

रातवा

अनाहत यांच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करत होतो. मी जे मांडले ते सहा जणांच्या, सगळ्यांचे कान चांगले असलेल्या आणि एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्या गटाबद्दल होते, आणि ऑनलाइन खेळाला मी त्याच मापाने मोजत होतो. पडद्यावर सहा खेळाडू हा आकडाच चुकीचा आहे, असे आता वाटते. तीन किंवा चार जण असले तर एका वेळी एकच आवाज हे बंधन जाचत नाही, कारण प्रत्येकाची पाळी लवकर येते. पडद्यामागचा यांनी गट फोडण्याचा विचार या दिशेनेही करून पाहावा.

हडसनकाठी

गट फोडा म्हणजे बाहेरगावचे तिघे एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) आणि पुणेकर दुसऱ्या, असेच ना? मग सहा महिन्यांत पुण्याच्या टेबलावर ड्रॅगन मारला जाईल आणि आमच्या बाजूला डीएमला वेळ नसल्यामुळे आम्ही त्याच खानावळीत बसून राहू. हे मी आधी घडताना पाहिलेले आहे. टेबलाला दर वेळी प्राधान्य मिळते, कारण टेबलावरची माणसे डीएमला रस्त्यात भेटतात.

पडद्यामागचा

सर्वांचे आभार. हडसनकाठींची भीती रास्त आहे, म्हणून काय ठरवले ते इथेच जाहीरपणे लिहितो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मुख्य कॅम्पेन शनिवारी ऑनलाइनच राहील आणि त्यात सगळे जण आपापल्या घरून, आपापल्या हेडफोनवर असतील. पुणेकरांनाही अपवाद नाही. नकाशा फक्त लढाईपुरता. कॉलर आम्ही मागच्या सेशनला नेमून पाहिला. सर्वांत कमी बोलणाऱ्या लंडनकराला नेमले आणि जुना_भिडू यांनी सांगितल्याप्रमाणे मी फक्त त्याचेच ऐकले. पहिली वीस मिनिटे भयाण शांतता होती. नंतर पूल ओलांडायचा की नदी पोहून जायची यावर पाच जण एकमेकांशी इतका वेळ भांडले की मी उठून चहा करून आलो तरी कोणाच्या लक्षात आले नाही. मला हवे होते ते हेच होते. हे दर वेळी चालेल असे नाही, पण मोठ्या निर्णयाच्या वेळी कॉलर ठेवणार आहे.

पुणेकरांसाठी महिन्यातून एका रविवारी माझ्या घरी वेगळा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) होईल, आणि तो असाच खेळ असेल जो ऑनलाइन होऊच शकत नाही. त्यामुळे न्यू जर्सी आणि लंडन यांचे काही हुकणार नाही. डोंबिवलीकर म्हणाला की कल्याणहून गाडी पकडून तोही येईल, पण परतीची गाडी चुकली तर मुक्काम माझ्याकडे. पहिला खेळ 'ड्रेड'. अंधारकोठडी, जेंगाचा मनोरा साधा बाजारात मिळतो तोच चालतो ना?

अंधारकोठडी

हो, साधाच. ५४ ठोकळे, तीन-तीनचे १८ थर. टेबल मात्र डळमळते नसावे, आणि घरात मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

रातवा

मी पुण्यातच असतो, आणि इतके सगळे लिहिल्यावर या रविवारी मला बोलावणे तुम्हाला भागच आहे. जेंगा माझ्याकडे आहे, पण दोन ठोकळे हरवलेले आहेत. चालेल का?

उणे_एक

५२ उरले. एक बाजूला ठेवा, पुरते १७ थर होतात.

विसाची_आस

आणि फासेच नाहीत म्हणता? मग मीही येतो.